खरात मॅडमनी पाहिलेली डिश

खरात मॅडमच्या काळ्या खोलीत शिरायचं तर दारावर दोनदा टकटक करून बाहेर मुकाट्यानं उभं राहावं लागे. आतून "ये" आलं तरच दार लोटायचं, तेही अंग चोरून, आणि आतला पडदा लगेच मागं ओढून घ्यायचा. पूर्वी ती विद्यापीठातल्या आमच्या विभागाची अडगळीची खोली होती. मोडक्या खुर्च्या आणि जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तिथं पडलेले असत. मॅडमनी रुजू झाल्यावर ती मागून घेतली, खिडकीला दोन पदरी काळा कागद डकवला, झरोका पुठ्ठा ठोकून बुजवला आणि बंद पडलेल्या एका फोटो स्टुडिओतून लाल दिवा आणून लावला. तिथं आमचा सूक्ष्मदर्शक होता. विभागातले टवाळ लोक त्यांना काळ्या खोलीतली बाई म्हणत. ते त्यांच्या कानावर होतं. खोली काळी हाय हे तर खरंच हाय की, एवढंच त्या म्हणायच्या.

आत गेलं की लगेच भिंगाला डोळा लावायची सोय नव्हती. लाल दिवासुद्धा मालवायचा आणि दहा मिनिटं स्टुलावर नुसतं बसून राहायचं. "डोळे मुरू दे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. उन्हातून आलेल्या डोळ्यांना मंद चमक दिसत नाही, हे त्यामागचं शास्त्र, पण त्या ते लोणच्याच्या भाषेत सांगायच्या. वर्गात मॅडम मोजकं, पुस्तकी मराठी आणि स्वच्छ इंग्रजी बोलत. काळ्या खोलीत मात्र थेट मुकुंदवाडीची बोली. त्यांचे वडील रेल्वेच्या रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये होते, घर मुकुंदवाडी स्टेशनच्या मागं, आणि स्वतः निवृत्त होईपर्यंत मॅडमनी ते सोडलं नाही. त्या दहा मिनिटांत त्या काहीही बोलायच्या. गल्लीतली भांडणं, मेथीचा भाव, आंबेडकर जयंतीला त्यांच्या वस्तीतल्या पोरांनी बसवलेल्या नाटकात ऐनवेळी पडदाच कसा पडला नाही. आम्हीही बोलायचो. तोंड दिसत नसलं की माणूस भडाभडा बोलतो. माझ्या आधीच्या एका विद्यार्थ्यानं आपलं प्रेमप्रकरण आईबापांच्या आधी मॅडमना सांगितलं ते तिथंच.

आमचं काम काय होतं ते थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. पेशी इतकी बारीक आणि पारदर्शक असते की नुसतं बघून तिच्या आत काय चाललंय ते समजत नाही. म्हणून तिच्यात चमकणारा रेणू सोडायचा. तो जिथं जाईल ती जागा सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी दिसते. मॅडमचा रेणू याहून एक पायरी पुढचा होता. त्याच्यावर त्यांनी एक झाकण बसवलं होतं. झाकण आहे तोवर तो चमकत नाही, काहीच करत नाही. जांभळा प्रकाश पडला की झाकण उडतं आणि तो जागा होतो. आज नुसता चमकणारा, उद्या त्याच्या जागी औषध, असं मॅडमच्या मनात होतं. त्यांचा धाकटा भाऊ तोंडाच्या कॅन्सरनं गेला होता, गुटख्यापायी. गाठ राहिली बाजूला, औषधानं सगळा माणूस जाळला, असं त्या सांगायच्या. औषध अंगभर जावं, पण जिथं आपण दिवा दाखवू तिथंच उघडावं, यासाठी त्यांची बारा वर्षांची धडपड होती.

त्यामुळे अंधारात झाकण बंद राहणं सगळ्यात महत्त्वाचं. उजेडात ते उघडतं हे कुणीही दाखवील. अंधारात उघडत नाही, हे दाखवायला वेगळी डिश लागते. त्याच पेशी, तोच रेणू, पण प्रकाश नाही. अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गच्च गुंडाळलेली. तिला आम्ही अंधाराची डिश म्हणायचो. शिवाय एक कोरी डिश, नुसत्या पेशींची, रेणू न घातलेली, कारण काही पेशी आपल्या आपणच थोड्या चमकतात. या तिन्ही तयार असल्याशिवाय मॅडम सूक्ष्मदर्शकाला हात लावू देत नसत. आणि महत्त्वाचा प्रयोग असला की कॅमेऱ्यावर विसंबून न राहता त्या स्वतः भिंगातून बघायच्या. मग वहीत त्या निकालापुढं मराठीत "पाहिलं" असं लिहून सही करायच्या. सगळी वही इंग्रजीत, आणि मधूनमधून हा एक मराठी शब्द. विभागात कुणी त्यांच्या निकालावर शंका घेतली तर त्या वही उघडून त्या शब्दावर बोट ठेवत. त्यापुढं वाद संपत असे.

फॉइलच्या बाबतीत त्या भलत्या काटकसरी होत्या. वापरलेला तुकडा नखानं सपाट करून, घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवायच्या. आमचे शिपाई रऊफभाई त्यांना म्हणायचे, मॅडम, आप तो चांदी जमा कर रैं. रऊफभाई आणि मॅडम एकाच महिन्यात नोकरीला लागलेले. तो सूक्ष्मदर्शक बापाच्या मालकीचा असल्यासारखा रऊफभाई पुसायचे, आणि दुसऱ्या कुणी पुसलेला त्यांना चालत नसे.

एकदा पाहणीसाठी कुठलीशी समिती आली. त्यातले एक बडे साहेब टकटक न करता थेट काळ्या खोलीत शिरले, हातात मोबाइलची बत्ती पेटवून. रऊफभाई मागून "साब, ठैरो" म्हणत धावले, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. चार दिवसांच्या सगळ्या डिशमधल्या रेणूंची झाकणं त्या बत्तीनं उडाली. विभागप्रमुख दारातच घामाघूम. मॅडम शांतपणे उठल्या, साहेबांच्या हातातली बत्ती आपल्या हातानं बंद केली आणि म्हणाल्या, "साहेब, तुम्ही आमचे चार दिवस जाळले. आता दहा मिनिटं बसा, म्हणजे काय जाळलं ते दाखवते." साहेब बसले. दहा मिनिटांनी मॅडमनी त्यांना भिंगातून हिरव्या झालेल्या पेशी दाखवल्या, आणि हे सगळं काळं दिसायला हवं होतं म्हणून सांगितलं. जाताना त्या गृहस्थांनी हात जोडले. अहवालात त्यांनी काय लिहिलं ठाऊक नाही, पण त्या वर्षी आम्हाला नवा कॅमेरा मिळाला.

माझे वडील पहिल्यांदा विभागात आले तेव्हाची गोष्ट मला सांगावीशी वाटत नाही, पण सांगते. मी सोयगावची. आमच्याकडं कापसाची शेती, वाड्यावस्तीत मान, आणि मुलगी संशोधन करते याचा दादांना अभिमान. ते पिशवीभर सीताफळं घेऊन आले. मॅडमनी फार अगत्यानं त्यांना खुर्ची दिली आणि आपल्या टेबलाच्या कोपऱ्यातल्या शेगडीवर स्वतः चहा केला. दादांनी कप पुढ्यात येताच हात आडवा केला. आत्ताच घेतला स्टँडवर, म्हणाले. स्टँडवरून ते थेट माझ्याबरोबर आले होते. त्यांनी चहा घेतलेला नव्हता हे मला ठाऊक होतं, आणि का घेत नाहीत हेही. मॅडमनी आग्रह केला नाही. दादांशी पाऊसपाण्याच्या गप्पा मारत त्यांनी आधी आपला कप संपवला आणि मग दादांचाही. दादा गेल्यावर मला म्हणाल्या, सीताफळं लई गोड असतात तुमच्याकडची. मी मान खाली घालून डिश धुवायला निघून गेले. मॅडमपुढं मान खाली घालायची ती पहिली वेळ. तेव्हा ती दादांच्या वागण्यापायी होती.

मी त्यांची लाडकी होते. हे फुशारकीनं सांगत नाही. माझे हात स्थिर होते आणि मी कंटाळत नसे, एवढं त्यांना पुरत होतं. चौथ्या वर्षी आमचा शोधनिबंध एका चांगल्या नियतकालिकाकडं गेला. परीक्षकांनी सगळं मान्य करून एकच शंका काढली. अर्धा तास अंधारात झाकण बंद राहतं हे तुम्ही दाखवलंत, तीन तास राहतं का? उत्तर सोमवारपर्यंत हवं होतं. मॅडमचा नियम होता की कुठलीही गोष्ट तीनदा करायची. पण पेशी वाढायला वेळ लागतो, आणि हातात एकाच फेरीपुरत्या पेशी होत्या. त्या बराच वेळ विचार करत बसल्या. मग म्हणाल्या की एकदाच होतंय, म्हणून मी स्वतः बघीन. शुक्रवारी दुपारी चारची वेळ ठरली.

त्या शनिवारी सोयगावला मला बघायला पाहुणे येणार होते. शुक्रवारी एक वाजता दोन डिशमध्ये रेणू घालायचा होता, एक उजेडासाठी, एक अंधारासाठी. मी फोन कानाला लावून आईशी साडीच्या रंगावरून वाद घालत होते. उजेडाच्या डिशमध्ये रेणू घातला, दुसरी उचलली, फॉइलमध्ये गुंडाळली आणि पेशी वाढवायच्या उबेच्या कपाटात ठेवून दिली. अडीच वाजता लक्षात आलं की छोट्या नळीत रेणूचं अर्धं द्रावण तसंच शिल्लक आहे. अंधाराच्या डिशमध्ये मी रेणू घातलाच नव्हता.

तेव्हा घातला असता तर तीन तास साडेपाचला भरले असते. सोयगावची शेवटची सोयीची बस पाचची. मॅडमना सांगितलं असतं तर त्या थोडं बोलल्या असत्या आणि साडेपाचपर्यंत थांबल्या असत्या. बस गेली असती, पाहुणे ताटकळले असते, दादा चिडले असते. एवढंच नुकसान होतं. मी फॉइलकडं बघत राहिले. अर्ध्या तासाच्या प्रयोगात डिश काळीच दिसली होती, तीनदा. तीन तासांनीही काळीच असणार, मग रेणू असला काय नि नसला काय, असं मी मनाशी म्हणाले. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात आळशी वाक्य असेल.

चार वाजता मॅडम आल्या. दिवा मालवला. आम्ही डोळे मुरवत बसलो. त्यांनी पाहुण्यांची चौकशी केली. मुलगा काय करतो, पोहे कोण करणार, तुला येतात का, आणि नाय आवडला तर तोंडावर सांग, लाजू नको. मी अंधारात हसले. ती सगळी दहा मिनिटं त्यांनी मला दिली होती, आणि मी पोह्यांवर बोलत राहिले. मग त्यांनी भिंगाला डोळा लावला. इतका वेळ लावला की मला माझ्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. आधी डावा डोळा, मग उजवा. "काळं हाय," त्या म्हणाल्या. "एकदम काळं हाय, वैशाली." त्यांच्या आवाजात जो आनंद होता तो मी विसरलेले नाही. कॅमेरा किती वेळ उघडा ठेवायचा ते त्यांनीच ठरवून दिलं, मी फोटो घेतला, त्यांनी वहीत "पाहिलं" लिहून सही केली. मग मला बस चुकंल म्हणून पिटाळलं आणि रऊफभाईंना त्यांच्या स्कूटरवरून स्टँडपर्यंत सोडायला लावलं. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी मला नापसंत केलं. माझी उंची कमी पडली.

निबंध छापून आला. मॅडमनी विभागात पेढे वाटले, भावाच्या फोटोपुढंही एक ठेवला असं रऊफभाईंनी सांगितलं. दीड वर्षानं परदेशातल्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलं. फार सभ्य पत्र होतं. तुमच्या पद्धतीनं आम्ही सगळं केलं, पण आमच्याकडं तीन तासांनी अंधाराची डिशही चमकते, आमचं काही चुकतंय का, असं त्यांनी विचारलं होतं. मॅडमनी त्याच दिवशी पेशी वाढायला लावल्या. या वेळी तीनदा केलं, माझ्यासमोर. तिन्ही वेळा अंधाराची डिश हिरवीगार. पेशीच्या आतलीच काही द्रव्यं ते झाकण हळूहळू कुरतडत होती. अर्ध्या तासात ते कळत नव्हतं, तीन तासांत कळत होतं. पहिल्या वेळी रेणू घातला असता तर तेव्हाच दिसलं असतं, आणि झाकण बदलून काम पुढं गेलं असतं.

दोन आठवडे मॅडम कारण शोधत होत्या. पाणी बदललं का, उबेच्या कपाटाचं तापमान बिघडलं होतं का, रेणूची जुनी बाटली वेगळी होती का. त्यांनी सगळ्यावर संशय घेतला, माझ्यावर सोडून. माझा प्रबंध सादर झालेला होता, तोंडी परीक्षा पंधरा दिवसांवर होती. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी मला आपल्या खोलीत बोलावलं. समोर जुनी वही उघडी होती.

"वैशाली, त्या दिवशी अंधाराची डिश तूच केली होतीस ना?"

विचारण्यात आरोप नव्हता. त्या खरोखर आठवायचा प्रयत्न करत होत्या. मी म्हणाले, "हो मॅडम. तुम्ही स्वतः बघितली होती की."

त्या वहीतल्या आपल्या सहीकडं बघत राहिल्या. "व्हय," म्हणाल्या. "मी बघितली होती."

पहिलं विसरणं होतं, डिश पुढं करणं लबाडी होती, पण हे तिसरं जे मी केलं त्याला मला अजून शब्द सापडलेला नाही. जो शब्द लिहून त्यांनी आयुष्यभर आपल्या कामाची खात्री दिली, तोच मी त्यांच्यावर उलटवला. आणि तो त्यांना पटला. दुसऱ्या दिवशी त्या छावणी भागातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेल्या. पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही सांगतात ते डॉक्टरनं सांगितलं, मोतीबिंदूची सुरुवात आहे, काळजी नको. मॅडमना कारण मिळालं. त्यांनी निबंध मागं घेत असल्याचं पत्र लिहिलं. मंद चमक ओळखण्यात माझ्याकडून चूक झाली, कॅमेऱ्याची वेळही मीच चुकीची ठरवली, माझ्या विद्यार्थिनीचा यात दोष नाही. पाठवण्याआधी त्यांनी ते मला वाचायला दिलं, काही राहिलं का बघ म्हणून. मी एक स्पेलिंग दुरुस्त करून परत दिलं.

विभागात कुजबुज झालीच. चहाच्या टेबलावर एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले की कोट्यातून आलेल्यांचं शेवटी हे असंच. वाक्य त्यांनी पुरं केलं नाही आणि कुणाला त्याची गरजही वाटली नाही. आणखी दोघं हसले. मी तिथं होते. मी माझा चहा संपवला आणि कप विसळून ठेवला. दादांनी न घेतलेला चहा मला तेव्हा आठवला. दादा बरे म्हणायचे, त्यांनी निदान एक कपच नाकारला होता.

त्यानंतर मॅडमनी भिंगाला डोळा लावणं सोडलं. काळ्या खोलीत त्या यायच्या, दहा मिनिटं बसायच्या, गप्पाही मारायच्या, आणि मग विचारायच्या, तुला काय दिसतंय? विद्यार्थी सांगतील ते मान्य करायच्या. वहीत "पाहिलं" लिहिणं बंद झालं. झाकणाच्या कामाला पुढं निधी मिळाला नाही, आणि त्यांनी मागितलाही नाही. डोळ्यांवर भरवसा नसलेल्या माणसानं हे काम करू नये, लोकांच्या जिवाशी खेळ हाय, असं त्या रऊफभाईंना म्हणाल्या. रऊफभाईंनी ते मला सांगितलं आणि विचारलं, मॅडम की आँखां को हुआ क्या, परसों तो दूर से मेरी कमीज का टूटा बटन देख लिए.

मला पदवी मिळाली. पुढं वाळूजला एका औषध कंपनीत नोकरी लागली, गुणवत्ता तपासणीत. दिवसातून तीस-चाळीस कागदांवर मी "तपासलं" म्हणून सही करते. मी ते नीट तपासते, फार काटेकोर म्हणून माझी ख्याती आहे. मॅडमना कळवायचं मी दर वर्षी ठरवलं. पहिल्या वर्षी पदवी जाईल म्हणून भ्यायले, दुसऱ्या वर्षी नोकरी. मग लग्न झालं, मुलगी झाली, आणि आता सांगून काय उपयोग, हे वाक्य सोयीचं झालं. उपयोग होता. त्यांच्या नोकरीची पाच-सहा वर्षं शिल्लक होती आणि सूक्ष्मदर्शक तिथंच होता. मी एक वाक्य बोलले असते तर त्या दुसऱ्या दिवशी कामाला लागल्या असत्या, हे मला पक्कं माहीत होतं. त्यांच्या निरोप समारंभाला मी गेले. भाषणही केलं. मॅडमनी मला सचोटी शिकवली असं म्हणाले. टाळ्या पडल्या.

गेल्या हिवाळ्यात मी चार दिवस सोयगावला होते. सकाळी दादा म्हणाले, "तुझ्या त्या मॅडम आल्यात शाळंत. पोरांना कायतरी दाखवू लागल्या." निवृत्तीनंतर मॅडम गावोगावच्या शाळांतून प्रयोग दाखवत हिंडतात, हे मी ऐकून होते. मी गाडी काढली आणि गेले. भेटून यावं, नमस्कार करावा, एवढंच मनात होतं.

वर्गाच्या खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला होता. मॅडम केसांनी पांढऱ्या झाल्या होत्या, अंगानं होत्या तशाच. टेबलावर काचेचे तीन पेले होते. एकात नुसतं तेल, दोहोंत हळद खलवलेलं तेल. हातात नोटा तपासायची जांभळी बत्ती. नुसत्या तेलावर बत्ती मारली, काही झालं नाही. हळदीच्या तेलावर मारली आणि पेला पिवळाहिरवा पेटला. पोरं ओरडली. मॅडमनी मग एका पेल्यात अगदी नखभर हळदीचं तेल घेऊन ते आणखी पातळ केलं आणि वर्गशिक्षकांना पुढं बोलावलं. चमक आहे का ते तुम्ही बघून सांगा, म्हणाल्या. शिक्षक संकोचले, मॅडम तुम्हीच सांगा की. तेव्हा त्या मुलांकडं वळून हसत म्हणाल्या, "माझ्या डोळ्यांनी मला एकदा लई मोठा धोका दिलाय, बाळांनो. तवापासून मी त्यांचं ऐकत नाय. तुम्ही बघा, तुमचे ताजे हायेत."

मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. नऊ वर्षं मी समजत होते की मी त्यांचा निबंध घालवला, त्यांचं काम थांबवलं. त्या दिवशी पेल्यासमोर उभ्या असलेल्या त्या बाईला बघून कळलं की अजून रोजच्या रोज काहीतरी जात होतं.

मुलं सुटल्यावर आम्ही व्हरांड्यात बसलो. त्यांनी माझ्या मुलीची चौकशी केली, नोकरीची केली. मी त्यांना मध्येच थांबवलं.

"मॅडम, त्या दिवशी डिशमध्ये रेणू नव्हता."

"कोणत्या दिवशी?"

"तीन तासांची डिश. मी घालायला विसरले होते. तुम्ही बघितली ती कोरी डिश होती."

त्यांना लगेच कळलं नाही. चेहऱ्यावर अजून मघाचंच हसू होतं. मग ते थांबलं.

"म्हणजे ती काळीच होती?"

"हो."

"मला काळी दिसली, ती काळी होती म्हणून."

"हो मॅडम."

"तुला कधी कळलं हे?"

"त्याच दिवशी. तुम्ही बघायच्या आधी."

मैदानात कुणीतरी घंटेचा टोल दिला. मॅडमनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि परत लावला. "मी इचारलं होतं तुला," त्या म्हणाल्या.

मी हो म्हणाले. मग मी बरंच काही बोलले, माफी, पाहुणे, बस, भीती. त्यांनी त्यातलं किती ऐकलं कुणास ठाऊक. मी पाया पडायला वाकले तेव्हा त्या बाकावर थोड्या मागं सरकल्या. रागानं नाही. अंगावर पाणी सांडत असताना माणूस सरकतो तसं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तू जा आता, वैशाली. मला माझी बस बघायचीय."

बसला अजून तासभर होता, हे आम्हा दोघींना माहीत होतं. मी गाडीत येऊन बसले, पण चावी फिरवायचं धैर्य झालं नाही. आरशात शाळेचं फाटक दिसत होतं. थोड्या वेळानं मॅडम पिशवी घेऊन बाहेर आल्या आणि फाटकाशी उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्या गाडीकडं बघितलं नाही. रस्त्यापलीकडं, बरंच लांब, बियाण्यांच्या दुकानाची पाटी होती. वर मोठं नाव, खाली बारीक अक्षरांत कुठकुठली वाणं मिळतात त्याची यादी. मॅडमनी पिशवी खाली ठेवली. डावा डोळा तळहातानं झाकला आणि त्या पाटीकडं बघत राहिल्या. त्यांचे ओठ हलत होते. त्या वरपासून खालपर्यंत एकेक ओळ वाचत होत्या, सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत. मग त्यांनी हात बदलला आणि उजवा डोळा झाकला.